आकृती ३.४

मोदी नंबर दोनच्या गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
माझी पाटी : प्रबंध जुळवून मिळतील.
मे महिना. कूलरमध्ये दोनदा पाणी ओतलं
तरी हवा कढतच.
शेजारच्या स्टुलावर वैजयंती उरकुडे, भूजलशास्त्र,
प्रकरण तिसरं. उद्या पाचला विद्यापीठाची खिडकी बंद.

ती म्हणते, भाऊ, चित्र पळून राहिलं.
पान साठवर वाक्य आहे :
खालील छायाचित्रातील व्यक्तीवरून विहिरीच्या काठाची उंची लक्षात येते.
खाली पाहावं तर तळटीप.
विहीर निघते सदुसष्टवर,
क्षारांच्या लांबलचक तक्त्यामागं.

मी समजावतो. मजकूर काय, कुठूनही मोडतो,
पुढच्या पानावर उतरतो.
चित्र म्हणजे लोखंडी कपाट,
जिन्यात वळत नाही.
चौकटी कंसात मी चार अक्षरं लिहितो :
इथं, नाहीतर माथ्यावर, नाहीतर तळाशी,
नाहीतर बाबा तुझं वेगळं पान घे.
ही विनंती असते. यंत्र ऐकतं
आणि आपलं गणित करतं.
शिवाय त्याला रांग मोडलेली चालत नाही,
३.३ अडकलं की ३.४ मागं खोळंबतं,
त्याच्या मागं ३.५, पिशव्या घेऊन.

उद्गारचिन्ह लावलं. सहासष्ट.
मग मोठा एच, म्हणजे इथंच, चर्चा नाही.
विहीर आली एकसष्टच्या माथ्यावर
आणि साठचं अर्धं पान कोरं पडलं.
सर म्हणतील हे रिकामं काहून, ती म्हणाली,
आणि कोऱ्या जागेकडं
जरा जास्तच वेळ बघत राहिली.

तेव्हा मी चित्र मोठं करून पाहिलं.
महालातली विहीर, काळा दगड, एक कप्पी.
काठाशी माणूस, बनियन, हात अंगाला चिकटून,
उन्हानं डोळे बारीक.
हे कोण?
ढोमणेकाका. टेप धरायचे.
एकशे बारा विहिरी आम्ही मोजल्या,
दरवेळी मी त्यांना म्हणायची, काका, काठाशी उभे राहा,
विहीर केवढी ते कळलं पाहिजे.
आता टेप दुसरं कोणी धरतं.

चित्राखाली छापलेलं : प्रमाणासाठी व्यक्ती.
नाव तिनं तीनदा घातलं होतं,
सरांनी तीनदा खोडलं.
शास्त्रात व्यक्ती पुरते.

मी चित्र आठ टक्क्यांनी लहान केलं.
एकास पन्नास असं लिहिलं असतं
तर तेवढ्यानं ते खोटं पडलं असतं.
माणसाचं तसं नाही,
विहिरीबरोबर तोही आठ टक्के आक्रसतो,
उंची चुकत नाही.
क्लोराइडवरच्या दोन ओळी तिनंच उडवल्या,
कोण वाचतं, म्हणाली.
चालवलं.
साठ. तळाशी. वाक्याच्या थेट खाली.
३.५ मात्र चौऱ्याहत्तरवर गेलं.
ते जाऊ द्या, म्हणाली.

तरी 'खालील' मी काढलंच.
उद्या एक परिच्छेद वाढला की खाली वर होतं.
आकृतीला खूणनाव द्यायचं,
मग मजकुरात हाक मारली की यंत्र
नावाच्या जागी आकडा ठेवतं,
चित्र कुठंही जावो.
नाव फक्त आतल्या फाइलीत राहतं,
ना सरांना दिसत, ना परीक्षकाला.

काय ठेवू खूणनाव? विहीर-दोन?

तिनं स्टूल पुढं ओढलं,
माझ्या हाताखालून कीबोर्ड घेतला
आणि एका बोटानं, शोधत शोधत, टाइप केलं :
ढोमणे.

प्रकरणात पाच ठिकाणी हाक होती.
पाचही ठिकाणी ३.४ उमटलं.
खाली झेरॉक्सवाला शटर ओढत होता,
मी ओरडलो, थांब ना बे,
अजून दोनशे अकरा पानं आहेत.